भोंग्याचं शेवटचं अपील

गल्लीत त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि तो बहिरा नसल्यामुळे त्यालाही ते ठाऊक होतं. सकाळी मोरीत उभा राहून तो नाक शिंकरायला लागला की समोरच्या इमारतीतले लोक अंथरुणातून उठायचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पाठ अजून ताठ, मिशी अजून कातरलेली, आणि तिच्यावर हे गळक्या नळासारखं नाक. बायकोला त्या नाकाचा राग नव्हता. राग होता तो नाकाच्या मालकाचा.

नाक तसं फौजेनेच दिलेलं. छावणीच्या मागे एक भलामोठा खड्डा होता. छावणीचा सगळा कचरा तिथे जायचा. प्लॅस्टिक, फुटके टायर, जुन्या बॅटऱ्या, उरलेला रंग, दवाखान्यातल्या पट्ट्या, जे नको ते सगळं. त्यावर डिझेल ओतायचं आणि काडी लावायची. ही कामगिरी हवालदाराच्या तुकडीकडे. ती माणसं वर्षानुवर्षं तोंडाला ओलं फडकं बांधून त्या काळ्या धुरात उभी राहिली. पोरांची नाकं वाहायला लागली, डोकी ठणकायला लागली, आणि एखादा बिचारा दवाखान्यात नाव द्यायला निघाला की हवालदार वाटेत उभाच. "नाकातून पाणी आलं म्हणून आजवर कोणी मेलेलं नाही," असं म्हणायचा आणि अख्ख्या रांगेला हसायला लावायचा. माझ्या तुकडीत कोणी आजारी पडत नाही, याचा त्याला कोण अभिमान! वरचे साहेब त्याची पाठ थोपटायचे. त्यांचं काय जातंय थोपटायला? ते राहत होते वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

एकच पोरगा त्याला बधला नाही. किडकिडीत, मऊ आवाजाचा. दुखलं की तो सरळ दवाखान्यात जायचा, रांगेचं हसणं पाठीवर घेऊन. हवालदाराने त्याचं नाव ठेवलं नाजूका, आणि ते नाव पुढे सगळ्या छावणीने उचललं.

आता गंमत बघा. निवृत्तीनंतर, आजार नोकरीतच जडला म्हणून फौजेच्या मेडिकल बोर्डाकडे केलेला नाजूकाचा पहिलाच अर्ज मंजूर झाला. दवाखान्याच्या नोंदीच होत्या, कोण काय बोलणार? फौजेच्या रुग्णालयात त्याच्या सायनसचं ऑपरेशन झालं आणि तो माणसासारखा श्वास घ्यायला लागला. हवालदाराच्या कागदांवर मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'प्रकृती उत्तम'. एक शिंक म्हणून कुठे नाही. बोर्डाने त्याला एकदा कळवलं, पुन्हा एकदा कळवलं, की या आजाराचा नोकरीशी संबंध दिसत नाही. मग काय हे नाक त्याने बाजारातून आणलं होतं? बायको हे बोर्डाला म्हणाली असती, पण बोर्ड कुठे भेटतं बोलायला. आणि बोर्डाने तरी वाचावं ते काय? याने स्वतःच्या हाताने स्वतःला ठणठणीत लिहून ठेवलेलं.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने दात-ओठ खाऊन सोडून दिलं असतं. पण नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बसवून सांगितलं होतं की साठलेला पू डोळ्याकडे सरकतोय, ऑपरेशन लांबवलं तर डावा डोळा हातचा जाईल. बाहेर ते करणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. बोर्डाने हो म्हटलं तरच फौजेचं रुग्णालय करणार. आणि हे तिसरं अपील शेवटचं होतं, त्याच्यापुढे दार बंद.

वकील म्हणाला, नोंद नसेल तर साक्षीदार आणा, खड्ड्यावर सोबत असलेला. तसा या गावात एकच उरला होता. हवालदार उसळला. त्या नाजूकाचे पाय धरू? त्यापेक्षा आंधळा होईन. बायको मनात म्हणाली, हो, आणि मग हाताला धरून मोरीत कोण नेणार, तुझे साहेब? शिवायला घेतलेले शाळेचे गणवेश बाजूला सारले, पायात चपला सरकवल्या आणि निघाली.

नाजूका आता चाव्या बनवायचा. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. तिला वाटलं होतं, हा आता मनसोक्त टोमणे मारणार, आणि ती ते ऐकायची तयारी करूनच आली होती. त्याने चावी कानशीने घासत सगळं ऐकून घेतलं. मग फुंकर मारून कीस उडवला आणि म्हणाला, "येतो, वहिनी."

सुनावणीच्या सकाळी घरात वेगळंच नाटक. हवालदार पहाटेपासून पातेल्यावर डोकं धरून वाफ घेत बसला. मिठाच्या पाण्याने नाक धुतलं, फवारा मारला, आणि डॉक्टरीणबाईंनी अगदीच असह्य झालं तर म्हणून दिलेली जालीम गोळीही घेतली. बूट चकाचक, दाढी गुळगुळीत. बायकोने हात जोडले. म्हणाली, आहात तसे चला, तुम्हाला तपासायला बोलावलंय, परेडला नाही. तर हा म्हणतो, "साहेबांसमोर नाक ओढत उभा राहू?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. इथे तर सुंभ धुरावर वर्षानुवर्षं भाजून निघाला होता.

खोलीत लांब टेबल, टेबलामागे अध्यक्ष आणि एक डॉक्टर. डॉक्टरने बॅटरी मारून नाकात पाहिलं आणि म्हणाला की आज तरी मोकळं दिसतंय. बायको मागून म्हणाली की गोळी घेतलीय हो त्यांनी. अध्यक्षांनी तिला गप्प बसायला सांगितलं. हवालदार खुर्चीत छाती काढून बसला होता, जणू कोणी पदक लावणार आहे. तिला त्या छातीची किळस आली.

मग नाजूका उभा राहिला. मऊ आवाजात, कोणाकडे न बघता त्याने खड्डा सांगितला, धूर सांगितला. हवालदार रोज पहाटे पाण्याच्या टाकीमागे डोकं दाबून धरून बसायचे, हेही सांगितलं. फडक्यात रक्त यायचं. पोरं उठायच्या आत ते फडकं स्वतः धुऊन टाकायचे.

"मग यांनी दवाखान्यात नाव का दिलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाव दिलं असतं तर मग आमच्यावर हसता आलं नसतं त्यांना, साहेब. आम्हाला दवाखान्याच्या वाटेवरून परत पाठवायचे ते. स्वतः कसे जातील?"

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच जरा माणसासारखं बोलले. म्हणाले, हे असं असेल तर नोंद का नाही ते कळतं, आणि मग या अपिलाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागेल. "हवालदार, साक्षीदार म्हणतो ते खरं आहे?"

एक हो. बायकोने जन्मात कशाची एवढी वाट पाहिली नव्हती. म्हण मेल्या, ती मनात म्हणत होती, एकदा म्हण.

हवालदार उठला. टाचा जुळवल्या.

"नाही, साहेब. माझी तब्येत नोकरीभर उत्तम होती. माझ्या तुकडीत कोणाला काही झालं नाही."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला. पुढचं सगळं झटपट उरकलं, अपील फेटाळलं. साहेब मंडळींना जेवायला वेळेवर उठता आलं, त्यांचं भलं झालं.

जिन्यात येईपर्यंत गोळी उतरली होती. हवालदार कठड्याला धरून वाकला आणि नाकातून, डोळ्यातून जे वाहायला लागलं ते त्या कातरलेल्या मिशीवरून थेट चकाचक बुटांवर. खिशात रुमाल नव्हता. परेडला जाताना कोण घेतं रुमाल? तो बायकोकडे वळून पुटपुटला की त्या पोरासमोर मी कसं हो म्हणणार होतो? इतकी वर्षं तिने याच्यावर चिडून घेतलं होतं. आज चिडायलाही काही उरलं नाही, नुसता वीट आला.

नाजूका दोन पायऱ्या खाली थांबला होता. तो वर आला, आपला घडीचा रुमाल त्याच्यापुढे धरला आणि त्याच मऊ आवाजात, पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाला, "घ्या, हवालदारसाहेब. नाकातून पाणी आलं म्हणून आजवर कोणी मेलेलं नाही."

हवालदाराने रुमाल घेतला. बायकोने पिशवी उचलली आणि दोघांना तिथेच सोडून ती एकटीच जिना उतरून गेली.