केसांवरची वाटी
कंगव्यात अडकलेले केस बोटावर गुंडाळले की मला आमच्या गावचा पूल आठवतो. चारठाण्याच्या रस्त्यावर, जुन्या देवळांशेजारी असलेला निजामाच्या काळातला तो दगडी पूल पाडून नवा बांधत होते. पायाच्या खड्ड्यातलं पाणी काही हटेना, तेव्हा पुलाला माणसाचं मुंडकं लागतंय अशी आवई उठली. त्याच दिवसांत एका दुपारी केसांवर भांडी देणारी बाई आमच्या ओट्यावर आली. मी वर्षभर साठवलेले केस पुढं केले, तर तिनं चमचा काढला. मला वाटी पाहिजे होती. “एवढ्याशा केसाला वाटी न्हाई येत, माय,” म्हणत तिनं पोतं आवळलं. मला राग आला. गल्लीला ऐकू जाईल असं मी विचारलं, “पोत्यात केसंच हायेत का कुणाचं लेकरू? पुलावाल्यानं धाडलं का तुला?” आधी शेजारीण धावली, मग गडीमाणसं. “केसावाली हाय वो मी, दरसाल येते,” ती ओरडत होती. तिला फरफटत पुलापाशी नेलं, पोतं उपडं केलं. नुसते केस निघाले. काळे, पांढरे, मेंदीचे. “मुंडकं ऱ्हाऊ दे, केसं तरी दे पुलाला,” म्हणत एकानं मेंढ्यांच्या कात्रीनं तिची वेणी कापून खड्ड्यात टाकली. सगळे हसले. मीही हसले. घरी आले तर तिची भांडी ओट्यावर तशीच पडली होती. त्यातली वाटी मी पदराखाली घेतली. नवा पूल पक्का उभा आहे, आणि वेणी घालताना तेल मी अजून त्याच वाटीत काढते.