तापात दारापाशी उभी असलेली

इथल्या आयांनो, तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय का ते सांगा.

आज दुपारी माझ्या सहा वर्षांच्या आर्यनला ताप भरला. थंडी वाजते म्हणाला, म्हणून मी एसी बंद केला आणि दुलई त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. इथे बहारीनमध्ये, मनामात, ऐन ऑगस्टच्या उकाड्यात. मग त्याच्या उशाशी बसून राहिले.

थोड्या वेळाने तो दाराकडे बघत म्हणाला, "आई, तू तिकडे का उभी आहेस?"

एरवी हा मला मम्मा म्हणतो आणि मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देतो.

"अरे, मी इथेच आहे."

"तू नाही, ती. ती म्हणते, दुलई काढ."

दुलई काढली, तर पोराचं अंग नुसतं भाजत होतं. एसी लावला, अंगात पातळ बनियन ठेवलं, घोटघोट पाणी पाजलं आणि क्लिनिक गाठलं.

डॉक्टर म्हणाल्या, "तापात मुलांना असे भास होतात. पण असं बरळायला लागला की लगेच दाखवायचं. औषध वजनाप्रमाणे द्या. आणि पुन्हा असं गुंडाळू नका, ताप आतच कोंडतो."

संध्याकाळी ताप उतरला. मी सहज विचारलं, "दारातली ती कशी दिसत होती रे?"

"जस्ट लाइक यू, मम्मा," तो म्हणाला. "ओन्ली व्हेरी ओल्ड."

डॉक्टरांचं मला पटलंय. तरी आज त्याच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवलंय. तुम्ही लावलं असतं?