सरोजाअक्कांच्या डोळ्यांचे थेंब

आपल्या ईमेल गटातल्या सगळ्यांना प्रभू येशूत सलाम. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. फार थकलेय, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय घरी जाववेना.

दुपारी शाळेतून शिकवून आले, तर वरच्या मजल्यावरच्या सरोजाअक्का माझ्या दारात उभ्या. आमच्याकडे प्रार्थनेची गाणी होतात म्हणून ज्यांनी घरमालकाकडे तक्रार केली होती, त्याच. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मुलगा मद्रासला असतो, तो आलाच नाही.

"डोळा दाखवायला नेशील काय गं?"

नेलं. दवाखान्यात दोन तास बसलो, मग बसमध्ये उभ्यानं बसवनगुडीला आमच्या घराकडे परत आलो. फाटकाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "अय्यो, डोळ्याचे थेंब दुकानातून घ्यायचे राहिले की!"

माझा तोल गेला. "अक्का, हे सगळं तुमच्या मुलानं करायचं असतं!"

"सरी, बरं, राहू दे," म्हणत त्या भिंत चाचपत जिना चढायला लागल्या.

रविवारीच चर्चच्या मंडळीतल्या मुलांना मी शिकवलं होतं, की कुणी एक कोस चल म्हटलं तर येशू दोन कोस जायला सांगतो.

तशीच मागे फिरले, थेंब आणले. त्यांनी मान वर केली आणि मी ते डोळ्यात घातले. दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी येत होतं.

काम मी केलं, पण "चुकले" म्हणाले नाही. इथून उठून आधी त्यांच्याकडेच जाणार आहे. अंगात त्राण नसताना तुम्ही माफी कशी मागता?