गव्हामधली पायवाट

आधी वास आला. ओला, हिरवा, तिखट. पाट्यावर नुकताच लसूण ठेचावा तसा. जवळ घर नाही, चूल नाही. समोर फक्त गव्हाचं कोवळं शेत आणि त्याच्या पलीकडे, उतारावर, धुक्यातून अर्धवट वर आलेलं एक लहानसं रान. मी थबकले. तुमच्या इंग्लंडच्या या परक्या मुलखात, इतक्या सकाळी, ही कोणाच्या घरची फोडणी? ईशान, तू हसून म्हणालास, "आजी, ते जंगलच आहे. आत सगळा रानलसूण उगवतो, पांढऱ्या फुलांचा." आणि मिनू, तू माझं बोट ओढत होतीस. मी नाशिकला परत निघण्याआधी तुला ते रान मला दाखवायचंच होतं.

मुलांनो, त्या सकाळी मी तुमच्याबरोबर चालत होते खरी, पण माझं अर्धं मन घोटीजवळच्या आपल्या भाताच्या खाचरांत गुंतलं होतं. आदल्या दिवशी प्रशांतकाकाचा फोन आला होता. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचा हा मुलगा. आपल्या वाटणीची जमीनही तोच कसतो. "काकू, सिमेंटचे खांब आणून टाकलेत," तो म्हणाला. "पेरणीच्या आत तारेचं कुंपण घालतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

हो म्हणणं सोपं नव्हतं. आपल्या खाचरांच्या मधल्या बांधावरून एक पायवाट जाते. ती आधी देवराईत शिरते, म्हणजे देवीच्या नावानं राखलेल्या त्या जुन्या रानात, जिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. आणि देवराईतून पलीकडच्या पाड्यावर. पाड्यावरच्या बायका याच वाटेनं बाजाराला येतात, याच वाटेनं देवीला नारळ ठेवायला जातात. कुंपण पडलं की त्यांना सगळा डोंगर वळसा घालून यावं लागणार. हे मी प्रशांतला म्हटलं, तर तो उसळलाच. "लय झालं काकू! शेळ्या भात खातात. शहरातली पोरं देवराईत बाटल्या फोडून जातात, त्या काचा माझ्या बैलाच्या पायात जातात. तुम्ही नाशिकला बसून वाट राहू दे म्हणता. निस्तरायचं कोणी?"

त्याचं काही खोटं नव्हतं. परत आल्यावर सांगते, एवढंच म्हणून मी फोन ठेवला होता.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला त्या गव्हापाशी आणून उभं केलंत! शेताच्या मधोमध, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, भांग पाडावा तशी सरळ वाट गेली होती. तुम्ही लाकडी पायऱ्यांवरून कुंपण ओलांडून बिनदिक्कत आत उतरलात. माझा पाय मात्र उचलेना. उभ्या पिकातून, मालकाला न विचारता जायचं? माझ्या सासूबाई स्वतःच्या खाचरात उतरतानासुद्धा वहाणा बांधावर काढून ठेवायच्या. माणसानं पिकाजवळ कसं जावं, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. तेव्हा मी काय केलं, ते तुम्ही आईबाबांना खो खो हसत सांगितलंतच. मी बूट काढले, मोजे काढून त्यांत नीट घडी घालून ठेवले, आणि साडीच्या निऱ्या सावरत इंग्लंडच्या मातीत अनवाणी पाऊल टाकलं.

"आजी, नको ना! कोणी बघेल!" ईशान कळवळून म्हणाला.

"बघू दे. शेतात आलेय, मॉलमध्ये नाही."

पुढचं पाऊल थेट खाजऱ्या झुडपात पडलं. आग आग झाली नुसती! मिनू, तू मात्र घाबरली नाहीस. कुंपणाकडेला धावलीस, एक रुंद, लांबट पान तोडून आणलंस, आणि मातीत बसून ते माझ्या तळव्यावर चोळू लागलीस. ते पान मी निरखून पाहिलं, तर आपल्या आंबट चुक्याचंच कोणी भाऊबंद वाटलं. किती वर्षं मी लहानांच्या पायांतले काटे काढले, गुडघ्यांना हळद लावली. माझं पाऊल कोणी मांडीवर घेतलं, ते त्या दिवशी पहिल्यांदाच. आग कशानं शमली, पानानं की तुझ्या बोटांनी, हे मला ठरवता आलं नाही.

तेवढ्यात शेताचा मालकच ट्रॅक्टरवरून आला. शेजारी कुत्रा, डोक्यावर मळकी टोपी, आमच्या नाशिककडच्या कुठल्याही बागाइतदारासारखा रापलेला चेहरा. मी बूट हातात घेऊन उभी राहिले आणि शाळेत घोटून घेतलेल्या माझ्या इंग्रजीत त्याला विचारलं, आम्ही आपल्या शेतातून जाऊ का?

तो पाहतच राहिला. मग म्हणाला, "बाई, मला हे आजवर कोणी विचारलेलं नाही. वाट माझी नाही. मी फक्त तिच्या दोन्ही बाजूंना गहू पेरतो."

"मग नांगरताना काय करता?"

"नांगरतो, आणि वाट पुन्हा काढून देतो. कायद्यानं द्यावीच लागते." मग त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "लोक सगळेच चांगले असतात असं समजू नका. फाटक उघडं टाकतात. मागे कोणाच्या तरी कुत्र्यानं माझं कोकरू फाडलं. त्या दिवशी मलाही वाटलं, बंद करून टाकावी."

"मग?"

"मग काय? माझी बायको पलीकडच्या गावची. लग्नाआधी ती याच वाटेनं यायची." तो हसला, कुत्रा भुंकला, ट्रॅक्टर पुढे गेला. ईशान, तू पुटपुटलास, "आजी, तू कोणाशीही बोलतेस." बोलते बाबा. न बोलता माणसं कशी कळायची?

आणि मग ते रान! बीचच्या झाडांची इतकी कोवळी पालवी, की उजेडच हिरवा होऊन खाली झिरपत होता. पायांशी रानलसणाची पांढरी फुलं, त्यांच्या पलीकडे निळ्या घंटाफुलांचा मंद सडा. आणि शांतता अशी, की दूरच्या पारव्याचं घुमणंही तिचाच एक भाग वाटावं. आपल्या देवराईत अशी मोकळीक नाही. तिथे जांभूळ, हिरडा, आंबा एकमेकांच्या खांद्यांवर रेलून उभे, त्यांना वेलींचे विळखे, आत भर दुपारीही काळोख. तरी आत शिरताच आवाज आपोआप खाली येतो, हे दोन्हीकडे सारखंच. मिनू, तूही कुजबुजायला लागलीस. तिथे देवी नव्हती, शेंदूर नव्हता. मग तुला गप्प कोणी केलं? मला वाटतं, रान जपलं जातं ते कुंपणानं कमी आणि तिथे येऊन आवाज खाली करणाऱ्या माणसांनी जास्त. ज्या रानापर्यंत वाटच पोचत नाही, त्याच्यासाठी उद्या भांडायला कोण उभं राहील?

मेच्या अखेरीस मी नाशिकला परतले आणि दोन दिवस विश्रांती घेऊन घोटीला गेले. खाचरं कोरडी, भेगाळलेली. बांधावर खांब आडवे पडलेले. प्रशांत आधीच फुरंगटून उभा. मी म्हटलं, "कुंपण घाल. तुझं नुकसान मला दिसतं. पण वाटेच्या दोन्ही बाजूंनी घाल. वाट मधे मोकळी राहील, शेळ्या भातात येणार नाहीत."

"म्हंजे तार दुप्पट! आन जमीन जाईल ती?"

"माझ्या वाटणीतून जाऊ दे."

"आन उद्या ईशान-मिनू आले, म्हणाले आमची जमीन कुठं गेली, तर मी काय सांगू?"

"तू नको सांगूस. मीच सांगते."

तो पायानं ढेकूळ फोडत राहिला. त्याच वेळी देवराईतून हौसाबाई बाहेर आली. ही पाड्यावरची म्हातारी. डोंगरावरची करवंदं घेऊन बाजाराला निघालेली, डोक्यावर पाटी, दोन्ही हातांनी धरलेली. आडवे खांब पाहून ती थांबली. "काय रे परशांत, आता उडी मारून जाऊ का मी?"

"तुला कोण अडवतंय? तू तर कुंपणबी तोडशील," प्रशांत म्हणाला. मग एकाएकी त्यानं गड्याला हाक मारली. दोघांनी वाटेच्या दोन अंगांना एकेक खांब उभा धरला. "चल मावशे, ये मधून. पाटी खाली नको घेऊ. कोपरं लागली तर सांग."

हौसाबाई ऐटीत निघाली, नवरीसारखी. डावं कोपर खांबाला घासलं. "मोडशील की म्हातारीला!" ती ओरडली. प्रशांतनं खांब मागे घेतला. तिनं परत फिरून पुन्हा चालून दाखवलं. या खेपेला मुद्दाम कमरेवर हेलकावा देत. गडी हसायला लागला, प्रशांतही हसला. "आता पुरे, नायतर सगळं वावर तुलाच द्यावं लागंल." आणि जिथे खांब टेकला होता, तिथेच त्यानं पहारीनं पहिला खड्डा घेतला. हौसाबाईनं मूठभर करवंदं माझ्या पदरात टाकली आणि ती बाजाराकडे चालू लागली.

म्हणून हे लिहिते आहे. पुढे कधी तुम्ही इथे याल, जमिनीचा नकाशा पाहाल, आणि आपल्या वाटणीच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी कमी भरेल. ती हरवलेली नाही, कोणी बळकावलेलीही नाही. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई दोन्ही कोपरं पसरून मोकळेपणी जाईल, एवढी तिची रुंदी आहे. तेवढी जागा तुमची नाही, माझ्या पिल्लांनो. पण तिच्यावरून देवराईपर्यंत जायला तुम्हाला कोणालाही विचारावं लागणार नाही.