बटण पन्नासवर

एर्सिलिया बाका एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती, आणि एकतीस वर्षांत चर्चच्या कोपऱ्यावर ती उशिरा पोचली असं पाच-सहा वेळाच घडलं. त्यातही तीनदा बर्फ आडवं आलं होतं आणि एकदा शेजाऱ्यांची गाय रस्त्यातून उठायला तयार नव्हती. अशा वेळी ती आधी शाळेत फोन करायची, म्हणजे पोरांच्या आयांना कळायचं. एस्पान्योलाच्या खोऱ्यात लोक घड्याळ लावायचे ते तिच्या बसवर.

तिची लेक डेनिस आता इराकमध्ये ट्रक चालवत होती. राज्याच्या राखीव फौजेत भरती झाली तेव्हा 'पूर आला, वणवा लागला की जायचं' असं सांगितलं होतं. पाठवलं मात्र युद्धावर. बारा महिने म्हणाले, मग मुदत वाढवली, मग नाताळापर्यंत नक्की म्हणाले. एर्सिलियाला आता एकच गोष्ट हवी होती. तारीख.

म्हणून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादविवादाच्या दिवशी टीव्हीवाल्यांनी 'अजून मत न ठरलेले' चोवीस जण बोलावले, त्यात ती गेली. असे चोवीस शोधताना त्यांच्या नाकीनऊ आले असणार, कारण या खोऱ्यात पक्ष बाप्तिस्म्याबरोबरच मिळतो. पण एर्सिलियाचं खरंच ठरलं नव्हतं. एकाने लेकीला तिकडे पाठवलं होतं आणि दुसरा परत कधी आणणार ते सांगत नव्हता.

"दोघं दीड तास बोलणार आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "युद्धावरच बोलणार आहेत. एकाच्या तरी तोंडून निघेल."

डेल्फिनो अंगणात मिरच्या भाजत होता. तरुणपणी तो व्हिएतनामला जाऊन आलेला, त्यामुळे युद्धावरची भाषणं तो बघत नसे.

"निघेल की," तो म्हणाला. "धूर निघेल. तो इथेही आहे, बस माझ्याजवळ."

"म्हाताऱ्या, तू मिरच्या करपवू नकोस म्हणजे झालं."

हॉलमध्ये प्रत्येकाच्या हातात एक डबी दिली. तिच्यावर रेडिओला असतं तसं फिरवायचं बटण. आवडलं की शंभराकडे न्यायचं, नाही आवडलं की शून्याकडे, काहीच वाटलं नाही तर पन्नासवर ठेवायचं. डब्या सांभाळणारी कॅथी नावाची बाई होती, ती तीनदा समजावून सांगून गेली. एर्सिलियाच्या शेजारी ऑर्लांडो मायेस बसले होते, गावचे निवृत्त पोस्टमास्तर.

"एर्सिलिया, गियर टाकायचा नाही बरं का यात," ते म्हणाले.

"तुम्ही तिकीट चिकटवू नका म्हणजे मिळवली."

सात वाजता हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर वाद सुरू झाला. दोघंही उमेदवार चांगले उंच होते, टाय नीट होते, बोलणं त्याहून नीट होतं. एक म्हणाला, निर्धार हवा. दुसरा म्हणाला, योजना हवी. निर्धार म्हटलं की अर्धा हॉल बटण वर न्यायचा, योजना म्हटलं की उरलेला अर्धा. आणि 'आपली शूर मुलं' हे शब्द आले, कुणाच्याही तोंडून आले, की सगळ्यांचीच मनगटं उजवीकडे वळत. मायेस तर शंभरावर नेऊन वर आणखी दाबून बघत.

एर्सिलियाचं बटण पन्नासवरून हललं नाही. हट्ट म्हणून नव्हे, ती खरोखर कान देऊन ऐकत होती. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला तिला वाटे, आता सांगेल. मग वाक्य वळणावरून भलतीकडे जाई. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं दोघांचं चाललं होतं, आणि तिला मनातून फार राग येत होता. पण रागासाठी बटण शून्याकडे न्यावं तर पुढच्याच वाक्यात तारीख आली तर काय, म्हणून ती थांबली.

अर्ध्या तासाने कॅथी वाकून कुजबुजली, "बाई, तुमची डबी बिघडलीय. यंत्रावर तुमची रेघ एकदम सपाट येतेय."

"डबी ठीक आहे."

"असं होतं कधी कधी," कॅथी मायेने म्हणाली आणि डबी बदलून गेली. नवीही पन्नासवरच राहिली. तेव्हा मायेस हसले, मग त्यांनी एर्सिलियाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

वाद संपल्यावर निवेदकाने माइक तिच्यापुढे धरला. तुम्हाला कोण जिंकलं असं वाटतं?

"मी बस चालवते," एर्सिलिया म्हणाली. "बसला उशीर होणार असेल तर मी फोन करून सांगते. का, तर कोपऱ्यावर कुणाची तरी आई उभी असते. एवढं तरी सांगावं माणसाने."

निवेदकाने मान हलवली, आभार मानले, आणि माइक पुढच्या माणसाकडे गेला.

घरी आली तेव्हा सव्वानऊ झाले होते. डेल्फिनो स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"डेनिसचा फोन आला होता," तो म्हणाला.

"आज? आज तर गुरुवार. रविवारी करते ती."

"सातला आला. तिकडे पहाटे पाच. फोनच्या रांगेत उभी होती म्हणे."

एर्सिलिया हातातल्या पर्ससकट खुर्चीवर बसली. "मग?"

"आई कुठाय म्हणाली. म्हटलं, तू कधी येणार ते विचारायला गेलीय टीव्हीवाल्यांकडे. तर हसली. म्हणाली, बाबा, एवढ्या लांब कशाला गेली ती, मला विचारायचं ना. रात्री परतीची यादी लावलीय. नाताळ नाही, मार्च."

डेल्फिनोने आणखी एक मिरची सोलली, बिया काढल्या, वाटीत टाकली.

"ते काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"शूर आहे म्हणाले आपली पोर."

"हं."

मार्चचं तिला दुःख झालंच. पण परक्या माणसांच्या तोंडाकडे बघत आपण तिकडे बसलो आणि लेकीचा आवाज इकडे येऊन गेला, हे तिला त्याहून लागलं. तिने पर्स खाली ठेवली.

"परत सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. हॅलो म्हणाली तिथून."

त्याने सांगितलं. हॅलो, रांग, आई कुठाय, सगळं. मिनिटभरात संपलं.

"हसली ती कधी? मार्च म्हणायच्या आधी, का नंतर?"

"आधी."

"आणि नंतर?"

डेल्फिनोने ओले हात फडक्याला पुसले.

"नंतर तिच्या मागच्याची पाळी आली," तो म्हणाला.