सरदारांच्या विहिरीत पोहणं

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं, तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. शहरातल्या तलावावर बायकांची वेळ दुपारची, म्हणजे नेमकी माझ्या झोपेची. थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, तिथल्या तिथं निकाल लावला. "सरदाराची हीर हाय की आपल्या बांधाला!"

उचगावच्या पुढं आमच्या शेताला लागून एका सरदार घराण्याचा मळा आहे. घराणं पुण्यात असतं, मळ्यात फक्त राखणदार. विहीर काळ्या दगडाची, रुंद पायऱ्यांची. कमानीवर कोरलेले हत्ती. एका हत्तीची सोंड तुटलीय. राखणदार सांगतो, लढाईत तुटली. अक्का सांगतात, लहानपणी आमच्या ह्यांनी दगड मारून तोडली. ह्यांना ओळखत असल्यानं माझा अक्कांवर विश्वास आहे.

अक्कांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला आणि "थांबा हो, जरा मनाची तयारी..." असं मी म्हणेपर्यंत मला ढकललं. ऐतिहासिक पाणी पोटभर प्याले.

"पाय मार की! खांब हायत का ते?" अक्का ओरडत होत्या. "बुडत न्हाईस, मी हाय न्हवं!"

असे काही रविवार गेले. एकदा एक गाईड पंधरावीस पर्यटक घेऊन पायऱ्या उतरला. हळू आवाजात म्हणाला, "इथं राणीसाहेब एकांतात ध्यान करीत. ही शांतता अनुभवा."

नेमका तेव्हाच अक्कांचा हात सुटला आणि मी किंचाळले, "आई गं, मेले!" आवाज विहीरभर घुमला. कोनाड्यांतले पारवे फडफडत वर गेले.

"या कोण?" एका बाईनं घाबरून विचारलं.

"राणीसाहेबांच्या सूनबाई," अक्का गळाभर पाण्यातून म्हणाल्या. "आणि पावणं, गडी माणसांनी तोंडं फिरवा की तिकडं!"

सगळे पुरुष मुकाट्यानं भिंतीकडं वळले. गाईडसुद्धा. ती बाई मात्र पायरीवर बसली, पाण्यात पाय सोडले आणि म्हणाली, "मलाही शिकवाल?"

ती इचलकरंजीची निघाली. पुढच्या रविवारी स्वतःचा कॅन घेऊन हजर झाली आणि माझ्याआधी शिकली, याचा मला अजून राग आहे.

दिवाळीच्या आधी मीही कॅनशिवाय या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. गार दगडाला हात लागला आणि मला रडूच फुटलं.

"गप," अक्का म्हणाल्या, "पाणी खारट हुईल."

पण त्यांनी माझा हात धरला होता, आणि बराच वेळ सोडला नाही.