प्रमिलाबाईने ओतलेलं पाणी

अमळनेरच्या तेलगिरणीत पट्ट्यात सापडून डाव्या हाताची बोटं गेली, तेव्हा सुकदेव फिटरने चाळिशीही गाठली नव्हती. शिंदखेड्यात आमची भिंतीला भिंत. एका हाताने फिटरकी होत नाही आणि बसून खाण्यासारखं घरात काही नव्हतं. जळगावच्या एका पंपवाल्याने शब्द दिला, की पंपासोबत द्यायची माहितीपुस्तिका लिहायला शीक, पास होऊन ये, कामावर घेतो. सत्याऐंशी साल असेल. या बहाद्दराने पोस्टाने शिकवणाऱ्या एका संस्थेत तांत्रिक लेखनाला नाव घातलं.

धडे पोस्टाने यायचे. प्रत्येकात एक नियम ठरलेला: लिहिलेलं दुसऱ्याला वाचून दाखवा, आपण गप्प बसा, तो तसंच करतो का बघा. दुसरं माणूस म्हणजे बायको, प्रमिलाबाई. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर हा कागदात डोळे घालून वाचायचा, ती करायची, पंप धो धो पाणी फेकायचा. ‘बरोबर शे,’ म्हणजे बरोबर आहे, असं ती म्हणायची. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढायचा. मीही त्याला साहेब म्हणून चिडवायचो.

शेवटची परीक्षा धुळ्याला होती. तिथे प्रत्येकाचा कागद एका अनोळखी कारकुनाच्या हाती देत आणि पंपापुढे उभं करत. कारकुनाने लिहिलंय तेवढंच केलं. मोटार घरघरली, पाण्याचा थेंब नाही. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरायचं, हे सुकदेवने लिहिलंच नव्हतं. नापास.

परत आल्यावर त्याने विहिरीवर तोच कागद प्रमिलाबाईला पुन्हा वाचून दाखवला. तिने आधी बादली उचलली. पाणी ओतायला कुठं लिहिलंय, असं त्याने विचारलं. तिने बादली खाली ठेवली.

“माले म्हाईत व्हतं,” ती म्हणाली. “पन तुम्ही लिखेल, त्यामा मी चूक कशी काढू?”

मी तिथेच विहिरीच्या काठावर होतो. मला राग आला तो आमच्या रीतीचा. नवऱ्याची चूक गुपचूप निस्तरायची, हेच तर आम्ही बायकांना शिकवतो आणि वर कौतुक करतो.

पुढच्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं. प्रमिलाबाई स्वतःहून म्हणाली, आता लिहा, आता मी लिहिलंय तेवढंच करीन. सुकदेवने कागद खिशात घातला.

“आते तू बरोबर शे म्हनशी, तरी मी कसं खरं मानू?”

त्यानंतर त्याने कागदाला हात लावला नाही.